एकतीस टक्के

दुपारी कड्यावरून बर्फ सुटलं
आणि विजेचे दोन खांब घेऊन दरीत गेलं.
संध्याकाळी त्सिउरी माझ्या दारात.
डोक्यावर शाल, शालीवर बर्फ,
शालीच्या आत लॅपटॉप, आजारी कोकरू आणावं तसा.
"अडखळतोय," म्हणाली.
"आणि आज झाबुली नाचणार आहे."

मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो.
पण वर स्वानेतीत ज्याला पाना धरता येतो
त्याला सगळंच येतं, असं धरून चालतात.

त्यांच्या घरी चुलीपाशी बसलो.
अल्मासखाननं फोन खिडकीच्या त्या एकाच काचेला टेकवला
जिथवर टॉवर पोहोचतो,
आणि तिथेच पहाऱ्याला उभा राहिला.
लॅपटॉप पोळपाटाएवढा, दोन घरं फिरून आलेला.
बॅटरी एकतीस टक्के.

तिबिलिसीच्या रंगमंचावर दिवे लागले,
मुली आल्या, जमिनीला टेकलेल्या झग्यांत.
आमच्या या नाचात बाईची पावलं दिसता कामा नयेत.
तिनं चालायचंच नाही,
तापल्या तव्यावर लोणी सरकतं तसं सरकायचं.
आणि पडद्यावर त्या
उचकी लागल्यासारख्या येत होत्या.
एक इथे.
थांबली.
एकदम तिथे.
मधलं कुणी खाल्लं?

"नेट गेलं," अल्मासखान काचेवर खेकसला.
नेट नव्हतं गेलं. खालची करडी रेघ
लाल रेघेच्या कितीतरी पुढे पळत होती.
चित्रं येऊन दाराशी रांगेत उभी होती,
आत घेणाऱ्याचे हात पुरत नव्हते.

बॅटरीवर आलं की यंत्रसुद्धा
अंथरूण पाहून पाय पसरतं.
दर घासाला विचार, उद्याचं काय.
मला ते ओळखीचं वाटलं,
आमचं गाव ऑक्टोबरपासून असंच जगतं.

बचत बंद केली. पंखा घरघरला,
मुली सुटल्या, सरकल्या,
त्सिउरीनं हात जोडले,
आणि आकडा बघता बघता बावीसवर.
झाबुलीचा नाच सगळ्यात शेवटी.
बचत परत चालू.

मग एकेक खिडकी मिटत गेलो.
लोकरी मोज्यांचे नमुने. गुडघेदुखीवर मध.
तिबिलिसीचं हवामान, तीनदा उघडलेलं,
"ते राहू दे," म्हणाली, मग म्हणाली, "मीट."
पडद्याचा उजेड इतका उतरवला
की चुलीतला जाळ त्याच्यावर भारी पडला.
तरीही उचकी.

"आता एकच उरलंय, मावशी.
चित्राची प्रत खाली आणतो.
चेहरा जाईल. चाल राहील."

बाजारात चीज तोलताना थांबते
तितकी थांबली.
"चेहरा मला पाठ आहे," म्हणाली.

दोनशे चाळीस.
मुलींचं दूध झालं.
बारा पांढरे ठिपके, नाक नाही, डोळे नाहीत,
आणि काय सरकत होते!
एका काठावरून दुसऱ्या काठावर,
कुठेही शिवण नाही.
मीही श्वास सोडला, तेव्हा कळलं की धरला होता.

त्सिउरीनं तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.
"ही. उजवा खांदा खाली आहे.
झऱ्यावरून बादली आणायची त्या बाजूचा."
अल्मासखान पहारा सोडून आला,
वाकून बघितलं, सातव्यावर बोट टेकवलं.
"तुला काय कळतंय. ही."
ठिपके फिरत राहिले,
बोटं त्यांच्या मागे मागे, काचेवर,
एकमेकांना न लागता.
सहा टक्के. चार.
टाळ्यांच्या अलीकडे कुठेतरी पडदा काळा झाला.

दोघंही बोटं उचलेनात.
चुलीत लाकूड सरकलं.

मग खिडकीत फोन वाजला.
"दिसलं का?" धापा टाकत झाबुली.
"सगळं दिसलं," आई म्हणाली.
"सगळं," बाप म्हणाला, तिच्या खांद्यावरून.
जेवलीस का, विचारलं.
पायात काय घातलं होतंस, विचारलं.
कितवी होतीस,
हे कुणीच विचारलं नाही.